चहात बुडवलेला कागद

पत्र : मी सांगली जिल्ह्यातल्या एका गावात सातवीला इतिहास शिकवते. वर्गाचा पट ३१. मुलांना धडे पाठ असतात, पण इतिहास म्हणजे कुणीतरी आधीच ठरवून ठेवलेली उत्तरं, असंच त्यांना वाटतं. म्हणून यंदा मी बारा जुन्या मोडी कागदांची छायाचित्रं मिळवली, त्यांच्या झेरॉक्स काढल्या, जुन्या दिसाव्यात म्हणून चहाच्या पाण्यात बुडवून वाळवल्या, कडा मेणबत्तीवर जरा जाळल्या. दोन रात्री त्यात गेल्या. वर्गात वाटल्या तेव्हा पाच मिनिटं मुलं हरखून गेली. मग ‘मॅडम, वाचताच येत नाही’ सुरू झालं आणि पंधराव्या मिनिटाला नुसता गोंगाट. तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, ‘मॅडम, हा खरा कागद आहे?’ मी ‘हो’ म्हणून गेले. तेव्हापासून चैन नाही. मुख्याध्यापक म्हणतात, आधी पोर्शन पूर्ण करा. एका पालकांचा निरोप आला की महाराजांबद्दल पुस्तकाबाहेरचं काही शिकवू नका. हे सगळं सोडून देऊ का? आणि त्या मुलीला काय सांगू? – एक शिक्षिका

प्रिय ताई,

सोडू नका. पण उद्या शाळेत गेल्यावर आधी त्या मुलीला बोलवा आणि सांगा, ‘तू विचारलंस ते बरोबर विचारलंस. तो कागद खरा नव्हता, प्रत होती. मी चुकीचं उत्तर दिलं.’ एकटीला सांगितलंत तरी चालेल, पण सगळ्या वर्गासमोर सांगितलंत तर जास्त बरं. इतिहास शिकणाऱ्या माणसाने कागद हातात आल्यावर सगळ्यात आधी जो प्रश्न विचारायचा, तो या मुलीने कुणी न शिकवता विचारला. तुमच्या त्या तासाला एवढं एक जरी घडलं असेल, तरी तास वाया गेला असं मी म्हणणार नाही.

तुमचं ‘हो’ मला चांगलं समजतं, कारण मी याहून पुढे गेले होते. नोकरीची पहिली काही वर्षं मी एका लहान गावातल्या शाळेत होते. तेव्हा झेरॉक्स तालुक्याच्या ठिकाणी मिळायची, म्हणून मी छापील पुस्तकातलं महाराजांचं एक पत्र स्वतः बोरूने जाड कागदावर उतरवलं. काथ आणि चहा लावला, कडा जाळल्या, खाली लाल शाईने गोल शिक्का काढला. कागद फार देखणा झाला होता. वर्गात सगळ्यांनी हात लावून पाहिला. एका मुलीने तो एका दिवसासाठी घरी मागितला, मी दिला. दोन दिवस झाले तरी परत येईना, म्हणून संध्याकाळी तिच्या घरी गेले. तिच्या आजोबांनी तो देव्हाऱ्यात ठेवला होता. कागदाला हळदकुंकू वाहिलेलं, समोर निरांजन. आजोबा मला म्हणाले, ‘बाई, आमच्या घरात महाराजांच्या हातचा कागद आला.’

मी ओसरीवर बसले आणि त्यांना खरं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. उठून कागद आणला, त्यावरचं कुंकू धोतराच्या सोग्याने हलक्या हाताने पुसलं आणि माझ्या हातात दिला. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्या दिवसापासून माझ्या वर्गात आलेल्या प्रत्येक प्रतीच्या वरच्या कोपऱ्यात ‘प्रत’ असा शब्द आणि मूळ कागद कुठे आहे ते लिहिलेलं असायचं. आजही मी दुसऱ्या कुणाला हेच सांगते. प्रत ही प्रत म्हणूनच दाखवावी. आपल्याकडे बनावट सनदा आणि खोटे महजर (सभेच्या निवाड्याचे कागद) पूर्वीही झाले, त्यावरून वतनांचे तंटे झाले. मुलांना कागद जुना दिसतो म्हणून खरा मानायची सवय लागली, तर आपण शिकवायचं त्याच्या नेमकं उलटं शिकवलं असं होईल. उद्या त्यांच्या मोबाइलवर पिवळसर रंगाचा, जळक्या कडांचा ‘महाराजांचा दुर्मीळ आदेश’ येईल तेव्हा त्यांना तुमचा चहा आठवायला हवा.

आता गोंगाटाचं. बारा कागद फार झाले, ताई. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासात बारा कागद वाटले की मुलं चित्रं पाहावीत तशी ते पाहतात आणि पाहून झाली की कंटाळतात. त्यात मोडी. तुमच्या-माझ्या पणजोबांच्या पिढीला ती शाळेत होती, आता नाही. मोडीत आधी सबंध ओळीची शिरोरेघ ओढून घेतात आणि मग तिला अक्षरं लटकवत जातात. दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हं नाहीत. शिकलेल्या माणसालाही नव्या लेखकाच्या वळणाचा कागद लावायला वेळ लागतो. सातवीच्या मुलाने ‘वाचता येत नाही’ म्हणणं अगदी रास्त आहे.

म्हणून एकच कागद घ्या आणि त्याला दोन तास द्या. पहिले दहा-पंधरा मिनिटं मूळ मोडी कागदाचं छायाचित्र, चौघांत एक, जमलं तर मूळ आकाराएवढं मोठं. जुने कागद पुष्कळदा अरुंद आणि लांबलचक असतात, एकाखाली एक चिकटवून गुंडाळी केलेले. ए-फोरवर लहान करून छापलं की ती लांबी जाते आणि सगळे कागद मुलांना सारखेच वाटतात. तेव्हा चार झेरॉक्स जोडा, पण लांबी दाखवा. या वेळात वाचायचं नाही, फक्त काय दिसतं ते सांगायचं. रेघ कुठे सुरू होते, शाई कुठे फिकी पडली आणि कुठे पुन्हा गडद झाली, म्हणजे बोरू कुठे दौतीत बुडवला असेल, शिक्के किती आणि कुठे. मुलांना हे आपल्यापेक्षा लवकर दिसतं. शिवाजी महाराजांच्या पत्राचं छायाचित्र मिळालं तर वर ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ ही मुद्रा आणि मजकूर संपतो तिथे ‘मर्यादेयं विराजते’ असा छोटा शिक्का दिसेल. शेवटचा शिक्का कशाला, हे मुलांनाच विचारा. माझ्या वर्गात एका मुलाने सांगितलं होतं, ‘नंतर कुणी खाली आणखी ओळ घुसडू नये म्हणून.’ बरोबर तेच. ‘मर्यादा’ म्हणजे मजकुराची हद्द. या शेवटच्या शिक्क्याला मोर्तब म्हणतात. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण रोज वापरतो, तो तिथून आला हे कळल्यावर मुलांचे चेहरे कसे होतात ते तुम्हीच पाहा.

मग छायाचित्र बाजूला ठेवायचं आणि देवनागरी लिप्यंतर द्यायचं. आजच्या मराठीत केलेलं रूपांतर मात्र शेवटपर्यंत देऊ नका. ते आधी दिलं की मुलं मूळ शब्दांकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

कोणता कागद घ्यावा? माझं मत विचाराल तर चिपळूणच्या छावणीला लिहिलेलं महाराजांचं पत्र. राज्याभिषेकाच्या थोडं आधीचं. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १८९८पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे जे खंड छापले, त्यांत ते आहे आणि नंतर बऱ्याच पत्रसंग्रहांतही आलं आहे. वैशाखाचे दिवस, पावसाळा तोंडावर. घोडदळ चिपळूणजवळ छावणीला आहे आणि पावसाळ्यासाठी केलेली दाण्याची-गवताची बेगमी आधीच बरीच खर्ची पडली आहे. महाराज जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहितात की आता मन मानेल तसं उधळाल तर पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही गावात शिराल. ‘कोण्ही कुणब्याचे येथील दाणे आणील, कोण्ही भाकर, कोण्ही गवत’, कुणी फाटे, कुणी भाजी. जे कुणबी अजून घर धरून राहिले आहेत तेही निघून जातील आणि मोगल आले त्याहून तुम्ही वाईट असं लोकांना वाटेल.

इथपर्यंत मुलं शांतपणे ऐकतात, कारण थोडंफार ऐकलेलं असतं. पण त्याच्या पुढचा भाग ऐकून वर्ग जागा होतो. महाराज आगीबद्दल लिहितात. कुणी गवताजवळ चूल पेटवेल, कुणी चिलीम ओढेल, वारा असेल हे लक्षात न घेता. एका ठिकाणी पेटलं की सगळं जळेल. मग कुणाला कितीही शिक्षा केली तरी नवं उभं करायला एक लाकूड मिळणार नाही. आणि रात्री दिवा तसाच ठेवून झोपू नका, उंदीर जळती वात ओढून नेईल.

मी हे पहिल्यांदा वर्गात वाचलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा एकदम म्हणाला, ‘बाई, राजाला उंदीर कसा माहीत?’ वर्ग हसला, पण तो गंभीर होता. त्याच्या घरची कडब्याची गंज आदल्या उन्हाळ्यात जळली होती आणि बैल विकायला लागले होते. त्याने उभं राहून सगळ्यांना सांगितलं की गंज पेटते तेव्हा आधी आतून धुमसते, वर दिसतच नाही, आणि दिसते तेव्हा पाणी मारून उपयोग नसतो. तोवर मी त्या पत्राकडे ‘रयतेविषयीची कळकळ’ या मथळ्याखाली पाहत होते. त्याच्यामुळे मला कळलं की वैरण जळली की पुढे काय काय होतं, हे पुरतं ठाऊक असलेल्या माणसाने ते लिहिलं आहे. सातवीतल्या मुलाने मला पत्र वाचायला शिकवलं. सांगली जिल्ह्यातल्या तुमच्या वर्गात निम्म्या मुलांच्या घरी गुरं असतील. त्यांना बोलू द्या. पत्रातले कटक (सैन्य), बेगमी (साठा), तसवीस (त्रास) हे शब्द फळ्यावर लिहा आणि घरी आजीला विचारून यायला सांगा. तुम्हाला वाटतं त्याहून जास्त शब्द परत येतील.

दुसऱ्या तासाला एकच प्रश्न घ्या : हे पत्र लिहायची गरज का पडली? पत्राने काय सांगितलं ते सगळ्यांना पाठ होतं, पण ते का सांगावं लागलं याचा विचार कुणी करत नाही. ‘करू नका’ असं ज्या अर्थी लिहिलं, त्या अर्थी कुणीतरी करत होतं किंवा करील अशी धास्ती होती. इथे वर्गात कुणीतरी म्हणणारच, ‘महाराजांचे मावळे असं करणार नाहीत.’ त्याला गप्प करू नका आणि इतरांना त्याला हसूही देऊ नका. पत्रच त्याच्यासमोर ठेवा. आपली माणसं देव नाहीत, उपाशी घोडं आणि भरलेलं शेत समोर असलं की माणूस काय करतो, हे महाराजांना माहीत होतं. म्हणून तर त्यांनी आधी लिहिलं. माझ्या मनातला त्यांच्याविषयीचा आदर हे पत्र वाचून वाढला, कमी झाला नाही. मुलांचंही तसंच होताना मी पाहिलं आहे.

तुमच्या त्या पालकांनाही मी हेच उत्तर देईन. त्यांच्याशी वाद घालू नका. पत्राचं लिप्यंतर, खाली कुठे छापलंय ते लिहून, मुलाबरोबर घरी पाठवा आणि ‘आपण वाचून आपलं मत कळवावं’ अशी दोन ओळींची चिठ्ठी जोडा. ज्यांनी महाराजांचा शब्द स्वतः वाचला, त्यांनी तो मुलांना वाचू देऊ नका असं म्हटल्याचं मला तरी आठवत नाही. भीती असते ती बाईंच्या मताची. मत तुमचं नाही, कागद महाराजांचा आहे, हे दिसलं की बोलणं सोपं होतं.

याच संदर्भात आणखी एक कागद जवळ ठेवा, वेळ मिळाला तर. ‘रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका’ हे वाक्य तुम्ही भाषणांत, फलकांवर शंभरदा ऐकलं असेल, आणि ते सैन्याला दिलेला हुकूम म्हणूनच सांगितलं जातं. मूळ कागद पाहिला तर ते चिपळूणच्या पत्रात नाहीच. भाजीचा देठ येतो तो १६७६ सालच्या सप्टेंबरमधल्या पत्रात, कोकणातल्या प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिलेल्या. तिथे सैनिकाचा संबंध नाही. तू इमानाने काम करीन अशी शपथ घेतली आहेस, तेव्हा भाजीच्या एका देठावरही मन जाऊ देऊ नकोस, असं ते अधिकाऱ्याला बजावणं आहे, म्हणजे लाचलुचपतीविषयी. आणि तेच पत्र पुढे सांगतं की गावोगाव फिर, कुणबी गोळा कर, ज्याच्या अंगात बळ आहे पण बैल-नांगर नाही त्याला बैलजोडीला पैसे दे, पोटाला दाणे दे, आणि ते वाढीदिढी (व्याज) न लावता, त्याला ताकद येईल तसतसं, मुद्दल तेवढंच हळूहळू वसूल कर. एका गाजलेल्या वाक्यामागे एवढं मोठं, शेतकऱ्याच्या कामाचं पत्र झाकलं गेलंय. मुलांना आधी गाजलेलं वाक्य विचारा, मग मूळ दाखवा. ‘आपल्याला सगळ्यांनी चुकीचं सांगितलं’ म्हणून ती चिडतील. पण मग वाक्य कसं बदलत गेलं असेल, याचा शोध ती स्वतःच घेऊ लागतील.

तारखांचा खेळही जरूर घ्या, गणिताच्या शिक्षकांना बरोबर घेऊन. जुन्या कागदांत सन अरबी आकड्यांत, शब्दांनी लिहिलेला असतो. समजा ‘सन सलास सबैन अलफ’ आहे. सलास म्हणजे तीन, सबैन सत्तर, अलफ हजार. म्हणजे १०७३. हा शुहूर सन. त्याचं वर्ष मृगाच्या सुमाराला सुरू होतं, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदाला ६००. आलं १६७२-७३. फळ्यावर अहद, इसने, सलास, अर्बा, खमस असा तक्ता लिहून दिला की मुलं आपापलं जन्मवर्ष काढत बसतात. शेतकऱ्याच्या घरच्या मुलाला वर्ष मृगाला का सुरू होत असेल, हे समजावून सांगावं लागत नाही.

मोडी स्वतः येत नसेल तरी बिघडत नाही. वर्णमालेचा एक तक्ता भिंतीवर लावा, मुलांना आपलं नाव मोडीत लिहू द्या, पुरे. तुम्हाला आवड लागली तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात (राजवाडे आणि मेहेंदळे यांनी १९१० साली काढलेलं) किंवा राज्याच्या पुराभिलेख विभागात मोडीचे वर्ग असतात, त्यांची चौकशी करा. आणि संधी मिळाली तर एकदा पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल पाहून या. कापडात बांधलेली गाठोडी, फळ्यांवर फळ्या, त्यात कोट्यवधी कागद. आपण वर्गात एक कागद दाखवतो आणि न वाचलेले किती पडून आहेत, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण ती माझ्या उशिरा लक्षात आली. चिपळूणच्या पत्रात कुणबी आहे, पण ते पत्र कुणब्याने लिहिलेलं नाही. त्याच्याविषयी राजाने लिहिलं. जपून ठेवलेल्या कागदांत लिहिणारे सहसा राजे, कारभारी, कारकून, सावकार, वतनदार. मुलांना एकदा विचारा, ‘या गोष्टीत कुणाचं पत्र आपल्याकडे नाही?’ या प्रश्नानंतर वर्षाच्या उत्तरार्धात किंवा पुढच्या वर्षी आठवीत हीच मुलं असतील तर, मुक्ता साळवे हिचा निबंध घ्या. ही सावित्रीबाई आणि जोतिराव फुले यांच्या पुण्यातल्या शाळेतली विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पाक्षिकात छापून आला तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि तीनेक वर्षं शाळेत गेली होती. म्हणजे तुमच्या विद्यार्थ्यांहून वर्षा-दोन वर्षांनी मोठी.

त्यात एक जागा आहे. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परसुद्धा नसतं, थंडी-पाऊस-वाऱ्याने त्यांना किती दुःख होत असेल, असं ती लिहिते. आम्हाला जर वेद वाचायचा अधिकार नाही, तर आमचा धर्म कोणता, असंही ती देवाला विचारते. आणि शेवटी आपल्याच लोकांना सांगते की ज्ञान हेच औषध आहे, ते घ्या. हे मोडी नाही, छापलेलं आहे, देवनागरीत, त्यामुळे मुलं थेट वाचू शकतात. मी एकदा एका मुलीला मोठ्याने वाचायला सांगितलं होतं. छपराच्या ओळीपाशी ती थांबली, पुन्हा ती ओळ वाचली आणि मग पुढे गेली. मी काही बोलले नाही. वर्गही बोलला नाही.

पण इथे एक काळजी घ्यायची. वर्गात ज्या समाजाची मुलं असतील त्यांच्याकडे त्या क्षणी सगळ्यांच्या नजरा वळता कामा नयेत. निबंध वाचायच्या आधी मुक्ता कोण होती, ती किती हुशार होती, एवढ्या लहान वयात तिने सगळ्या पुण्याला प्रश्न विचारला, हे आधी सांगा. म्हणजे ती मुलांना दयेची वस्तू वाटणार नाही, त्यांच्यातलीच एक धीट मुलगी वाटेल. तुम्हाला तुमचा वर्ग माहीत आहे. अजून वेळ आली नाही असं वाटलं तर थांबा, तो कागद पळून जात नाही.

शाळेचं जनरल रजिस्टर वापरू का, असं मला बरेच शिक्षक विचारतात. जुनं रजिस्टर हा उत्तम कागद आहे. किती मुली दाखल झाल्या, शाळा सोडण्याचं कारण काय लिहिलंय, दुष्काळाच्या वर्षी किती नावं कमी झाली. पण त्यात जातीचा रकाना असतो, वडिलांचा धंदा असतो आणि ती माणसं याच गावात, याच गल्लीत असतात. कुणबी नोंदींच्या शोधापासून तर जुन्या रजिस्टरातल्या एकेका ओळीला घराघरांत वेगळंच वजन आलं आहे. म्हणून मूळ रजिस्टर मुलांच्या हातात देऊ नका. तुम्ही स्वतः नावं आणि जात वगळून फक्त वर्षं, मुलगा की मुलगी, आणि सोडण्याचं कारण असा तक्ता उतरवून घ्या, मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन. परवानगी मागायला गेलात की त्यांनाही या कामात ओढता येईल.

मुख्याध्यापकांची चिंता खोटी नाही. पोर्शन पूर्ण व्हायलाच हवा, चाचणी मुलांनाच द्यायची असते. त्यांना सांगा की मला वर्षातले चार तास हवे आहेत, जास्त नाहीत. सातवीच्या पुस्तकाचा पहिलाच धडा ‘इतिहासाची साधने’ आहे. लिखित साधन म्हणजे काय, हे व्याख्या पाठ करून शिकवायचं की कागद दाखवून, एवढाच फरक. दोन तास त्या धड्यातून निघतात, उरलेले दोन दुसऱ्या सत्रात. प्रत्येक धड्याला कागद आणायचा प्रयत्न करू नका, तुम्हीच दमाल आणि मुलांनाही त्याची नवलाई राहणार नाही.

राहता राहिले तुमचे ते चहातले कागद. फेकू नका. मोडी असल्यामुळे शिरोरेघ आणि शिक्के शोधायला ते अजूनही कामाला येतील. ज्या दिवशी त्या मुलीला खरं सांगाल, त्याच दिवशी ते सगळे पुन्हा वाटा आणि प्रत्येक मुलाला मागच्या बाजूला पेनाने लिहू द्या : ही प्रत आहे, मूळ कागद अमुक ठिकाणी आहे, आमच्या मॅडमनी ही चहाच्या पाण्यात बुडवून जुनी केली, आमच्या वर्गातल्या मुलीने विचारलं तेव्हा हे कळलं. खाली सगळ्यांच्या सह्या. मग कागद शाळेच्या कपाटात ठेवा. तारीख मात्र आठवणीने घालायला सांगा, शक आणि इसवी सन दोन्ही.

तुमची,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका